घोड्याने टोपी खाल्ली आणि ऑर्केस्ट्रा हसला: झाक इबेरचं ‘दिव्हेर्तिसमाँ’

लग्नाच्या दिवशी सकाळी फादिनार नावाचा तरुण घोडागाडीतून घरी निघालेला असतो. पॅरिसच्या पूर्वेला असलेल्या व्हँसेनच्या जंगलात त्याचा घोडा झाडाला अडकवलेली एक गवती टोपी खाऊन टाकतो. टोपी साधीसुधी नाही, इटलीच्या उंची गवताची. तिची मालकीण तिथेच झाडीत एका लष्करी अधिकाऱ्याबरोबर असते आणि हा अधिकारी काही तिचा नवरा नव्हे. टोपीशिवाय घरी गेली तर संशयी नवरा जाब विचारणार. मग ती दोघं थेट फादिनारच्या घरात येऊन ठाण मांडतात. अगदी तशीच टोपी आणून दे, तोवर आम्ही इथून हलत नाही!

फादिनार टोपीच्या शोधात पॅरिसभर धावत सुटतो आणि त्याच्या मागे धावतं अख्खं वऱ्हाड. काय चाललंय याचा वऱ्हाड्यांना पत्ता नाही. टोप्यांच्या दुकानात गेले की त्यांना वाटतं हीच लग्न लावायची कचेरी. एका सरदारणीच्या घरी शिरले की वाटतं हीच जेवणावळ, आणि ते खुशाल ताव मारतात. सासरेबुवा नोनांकूर पायाला चावणारे बूट घालून, हातात कुंडी धरून फिरतात आणि दर थोड्या वेळाने गर्जना करतात, “जावईबापू, मोडलं लग्न!” शेवटी फादिनार हव्या असलेल्या टोपीचा माग काढत जिथे पोचतो, ते घर त्याच बाईच्या नवऱ्याचं निघतं. म्हणजे दिवसभर तो जी टोपी शोधत होता, ती त्याच्याच घोड्याच्या पोटात गेलेली.

युजेन लाबिश आणि मार्क-मिशेल या जोडीचं हे नाटक 1851 साली पॅरिसच्या पाले-रोयाल थिएटरात आलं. फार्स कसा बांधावा याचा ते आजही वस्तुपाठ आहे. 1929 साली या नाटकाच्या एका नव्या प्रयोगासाठी झाक इबेर या फ्रेंच संगीतकाराने पार्श्वसंगीत लिहिलं. त्यातलेच काही तुकडे निवडून पुढच्या वर्षी त्याने सहा छोट्या भागांची एक रचना केली. तिचं नाव ‘दिव्हेर्तिसमाँ’. जेमतेम पंधरा मिनिटांची ही रचना लहान ऑर्केस्ट्रासाठी आहे. तिच्यात ना गाणं, ना संवाद, ना रंगमंच. तरीही मैफलीत ती वाजली की लोक उघड हसतात.

माझं कुतूहल नेमकं इथे आहे. शब्द नसलेलं संगीत दुःखी वाटतं, गंभीर वाटतं, हे आपण सहज मान्य करतो. पण ते विनोदी कसं होतं? नक्की कशाला हसतो आपण?

यासाठी इबेरच्या मागे दीडशे वर्षं जावं लागेल. अठराव्या शतकात मध्य युरोपात ‘सेरेनेड’ नावाचा प्रकार जोरात होता. संध्याकाळी बागेत, अंगणात, कुणाच्या समारंभात मोजक्या वाजवणाऱ्यांनी मिळून वाजवायचं खेळकर, सुटसुटीत संगीत. छोटे छोटे भाग, मध्ये नाचाच्या चाली, एखादी कूच. मोझार्टने 1776 साली साल्झबुर्गच्या हाफनर घराण्यातल्या एका लग्नाच्या आदल्या संध्याकाळसाठी अशीच एक लांबलचक सेरेनेड लिहिली होती. दिव्हेर्तिसमाँ हाही तेव्हाचा असाच एक प्रकार, सेरेनेडचं सख्खं भावंडच. दोन्हींची अट एक, ऐकणाऱ्याचा वेळ मजेत जावा. विसाव्या शतकातल्या फ्रेंच संगीतकारांनी हा जुना प्रकार पुन्हा हाती घेतला, आणि त्या मजेत खट्याळपणा भरला.

आता विनोदाचं यंत्र कसं चालतं ते पाहू. अठराव्या शतकातला संगीतकार हायडन याच्या एका स्ट्रिंग क्वार्टेटला, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या रचनेला, ‘विनोद’ हेच टोपणनाव पडलं आहे (ओपस 33, क्रमांक 2, साल 1781). त्याच्या शेवटच्या भागात एक साधी, चटकन लक्षात राहणारी धून परत परत येते. रचना संपत आली की हायडन त्या धुनेचे तुकडे करतो. एक तुकडा, मग शांतता. दुसरा तुकडा, पुन्हा शांतता. चौथ्या तुकड्याला धून पूर्ण होते, लोकांना वाटतं झालं. मग बरीच लांब शांतता. आणि त्यानंतर अगदी हळू आवाजात धुनेचा पहिला तुकडा पुन्हा येतो आणि तिथेच रचना थांबते. म्हणजे सुरुवातीवर शेवट. टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहतात.

हायडनने इथे विनोदी असा एकही सूर लिहिलेला नाही. त्याने फक्त ऐकणाऱ्याला एक सवय लावली आणि ऐन वेळी ती मोडली. आपल्या मैफलीत तबलजी तिहाई घेतो तेव्हा सम कुठे येणार हे श्रोत्यांच्या मानेला आधी कळतं. कसलेला वादक ती सम एका मात्रेने हुकवून पुन्हा पकडतो, तेव्हा सभागृहात जो हशा आणि ‘वा!’ एकदम उसळतो, त्याची जात हीच. समेची वाट पाहणारा श्रोता नसेल तर ती गंमतही नाही. संगीतातल्या विनोदाचा अर्धा भाग ऐकणाऱ्याच्या डोक्यात असतो. हे एकदा ध्यानात आलं की इबेरची सगळी करामत उलगडत जाते.

आधी त्याचा वाद्यमेळ बघा. त्या काळच्या मोठ्या ऑर्केस्ट्रात प्रत्येक फुंकवाद्याचे तीन-तीन, चार-चार वादक असत. इबेर मात्र एकेकच घेतो. एक फ्लूट, एक क्लॅरिनेट, एक ‘बसून’ (खर्जात घुमणारं लांबलचक फुंकवाद्य), एक हॉर्न, एक ट्रम्पेट, एक ट्रॉम्बोन. ओबो नाहीच. जोडीला तालवाद्यं, पियानो आणि थोडी तंतुवाद्यं. मोठ्या ऑर्केस्ट्राच्या भरगच्च आवाजात कोपरखळी ऐकू येत नाही. इथे मात्र प्रत्येक वाद्य नाटकातल्या एकेका पात्रासारखं वेगळं उभं राहतं. बसून घुमला की तो एकटा घुमतो, ट्रॉम्बोन भलतीकडे घुसला की ते ट्रॉम्बोननेच केलं हे कळतं. वाजवणाऱ्यांना लपायला जागा नाही. त्यामुळे ही रचना दिसते तितकी सोपी नाही. वेग अफाट आहे आणि जी चूक मुद्दाम लिहिलेली आहे ती अत्यंत अचूक वाजवावी लागते. खरोखर कुणी चुकलं तर विनोद मरतो.

पहिला भाग म्हणजे प्रस्तावना. एखाद्या मिनिटाचा, पडदा वर जायच्या आधीची धांदल. तो फार काही सांगत नाही, आणि त्याने सांगायचंही नसतं.

दुसऱ्या भागाचं नाव ‘कॉर्तेज’, म्हणजे आपली वरात. सुरुवात संथ, जराशी गूढ. कुठल्या तरी गंभीर मिरवणुकीची तयारी चालली आहे असं वाटतं. आणि अचानक सगळे धावत सुटतात. वऱ्हाडाला चालायला वेळच नाही, कारण नवरदेव टोपीमागे पळतोय. या पळापळीत मध्येच एक ओळखीची धून उसळून वर येते. मेंडेल्सोनची ती लग्नाची कूच, जी आपल्याकडे चर्चमधल्या लग्नांतून आणि चित्रपटांतून सगळ्यांच्या कानावर पडलेली असते. ती इथे पूर्ण ऐटीत येत नाही. ओळख पटण्याइतकी डोकावते, आजूबाजूच्या गोंगाटात सापडते आणि निघून जाते. वधू-वरांनी ज्या चालीवर संथ, रुबाबदार पावलं टाकायची ती चाल गर्दीत धक्के खाते आहे, हे ऐकणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही.

या एका उसनवारीत केवढं काय काय दडलंय! मेंडेल्सोनने ही कूच 1842 साली लिहिली ती शेक्सपिअरच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’साठी. म्हणजे तीही मुळात नाटकाचं पार्श्वसंगीतच. आणि नाटक कुठलं, तर रात्रभर जंगलात प्रेमिकांची अदलाबदल आणि गोंधळ चालतो ते. 1858 साली इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीच्या लग्नात ही कूच वाजली आणि तिथून ती जगभरच्या लग्नांत शिरली. लाबिशचं नाटक रंगमंचावर आलं 1851 मध्ये. त्या पहिल्या प्रेक्षकांना ही धून ऐकवली असती तर एवढा हशा पिकला नसता, कारण लग्नाशी तिची गाठ अजून घट्ट व्हायची होती. इबेरच्या काळापर्यंत ती सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसली होती. म्हणजे राणीच्या लेकीच्या लग्नापासून सत्तर वर्षं जी सवय मुरली, ती इबेर पाच-दहा सेकंदांत मोडतो.

दुसऱ्याच्या धुनेवर असा डाव खेळण्याची फ्रान्समध्ये जुनी परंपरा आहे. काम्यू सेन-साँसने 1886 मध्ये ‘प्राण्यांचा कार्निव्हल’ लिहिला. त्यातली कासवं ऑफेनबाखचा बेफाम कॅनकॅन नाचतात, पण कासवाच्याच गतीने. बेर्लिओझने पऱ्यांसाठी लिहिलेली नाजूक धून हत्तीला दिली आहे, आणि ती वाजते डबल बासवर. आपलं नाव गंभीर संगीतकार म्हणून राहावं या काळजीने सेन-साँसने त्यातला ‘हंस’ सोडून बाकी काही जिवंतपणी छापूच दिलं नाही. 1921 मध्ये तो वारला आणि पुढच्याच वर्षी ती रचना छापून बाहेर आली. इबेरच्या पिढीच्या हाती हा ठेवा अगदी वेळेवर पडला.

एरिक साती या फ्रेंच संगीतकाराची तऱ्हा निराळी. 1913 च्या एका पियानो-रचनेत तो शोपँच्या प्रसिद्ध शोकयात्रेतला तुकडा वापरतो आणि स्वरलिपीत वर लिहून ठेवतो, ‘शुबर्टच्या सुप्रसिद्ध माझुर्केतून साभार’. माझुर्का म्हणजे पोलंडच्या नाचाची चाल, आणि शुबर्टची अशी कुठली माझुर्का नाहीच. गंमत झकास आहे, पण ती कागद समोर असलेल्या वादकालाच कळते. इबेरचा विनोद शेवटच्या रांगेत बसलेल्या, स्वरलिपी कधी न पाहिलेल्या माणसापर्यंत पोचतो. मला इबेरची ही दानत फार मोलाची वाटते.

तिसरा भाग, ‘नॉक्टर्न’, म्हणजे रात्रीचं संगीत. इथे हसू अगदी थांबतं. तंतुवाद्यांचे खर्जातले स्वर, पियानो, अंधार. दोन-अडीच मिनिटांचाच मामला. पुष्कळ जण हा भाग घाईने ओलांडतात. मला विचाराल तर हा भाग नसता तर पुढचा सगळा विनोद पातळ झाला असता. सतत गुदगुल्या केल्या की माणूस हसायचं थांबतो, आणि नाटकाची अनेक वर्षं चाकरी केलेल्या इबेरला हे नक्की ठाऊक होतं.

मग येतो ‘व्हाल्स’. योहान स्ट्राउसच्या घराण्यातल्या व्हिएन्नाच्या वॉल्ट्झची ही नक्कल. सुरुवातीला संगीत चाचपडतं, नाचायला उभं राहिलेल्या जोडीला ठेका सापडू नये तसं. मग ठेका सापडतो, आणि एकदा सापडल्यावर त्याचा अतिरेक होतो. वॉल्ट्झच्या ‘एक-दोन-तीन’मध्ये दुसरी मात्रा जराशी आधीच घ्यायची व्हिएन्नाची लकब, ते लाडिक हेलकावे, शेवटाकडे वाढत जाणारी झिंग, सगळं आहे. फक्त थोडं जास्त आहे. नक्कल करणाऱ्याचं मूळ माणसावर प्रेम असलं की ती नक्कल रंगते. इबेर इथे स्ट्राउसला टोमणा मारत नाही, त्याच्याबरोबर मनापासून नाचतो.

‘पराद’ ही छोटीशी कूच. दुरून, हळू आवाजात एक पलटण येते, समोरून जाते आणि दूर निघून जाते. आवाज वाढतो आणि विरतो, एवढीच क्लृप्ती. कूच म्हटल्यावर जो थाट, जो दरारा अपेक्षित असतो तो इथे खेळण्यातल्या शिपायांच्या मापाचा आहे.

आणि शेवटचा भाग. त्याची सुरुवात पियानोच्या कर्कश, एकमेकांवर आदळणाऱ्या स्वरांनी होते. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेतली तर मजा दुप्पट होते. आपल्याकडे सगळं संगीत एका षड्जावर उभं असतं, पाश्चात्य संगीतातही प्रत्येक रचनेला तसाच एक आधारस्वर असतो. 1910-20 च्या दशकांत काही संगीतकारांनी एकाच वेळी दोन वेगळे षड्ज वापरायला सुरुवात केली. धून एका षड्जावर, साथ दुसऱ्याच. इबेरचा सहाध्यायी दारिउस मियो यात तरबेज होता. गंभीर संगीतात या तंत्राने विलक्षण ताण निर्माण होतो, पण धून जर सोपी, नाचरी, ओळखीची असेल तर तेच तंत्र एकदम विनोदी होतं, कारण बरोबर काय असायला हवं होतं हे कानाला माहीत असतं. ही कल्पना खरं तर मोझार्टचीच. 1787 मधल्या ‘संगीतातला विनोद’ या रचनेच्या शेवटी त्याने साऱ्या वाद्यांना वेगवेगळ्या षड्जांवर नेऊन आदळवलं आहे, अडाणी संगीतकारांची टर उडवण्यासाठी. त्याच उन्हाळ्यात त्याने त्याची सर्वांत प्रसिद्ध सेरेनेड, ‘आइने क्लाइने नाख्तमुझिक’, लिहिली. निर्दोष सौंदर्य आणि लिहून काढलेली चूक, दोन्ही एकाच हातची.

इबेरचा पियानो आदळआपट करून थांबतो आणि ऑर्केस्ट्रा गॅलपवर घसरतो. गॅलप म्हणजे घोडदौडीच्या चालीचा, कॅनकॅनच्या गोत्रातला नाच. फादिनार, वऱ्हाड, सासरेबुवा, संशयी नवरा, सगळे एकदम पळताहेत. या गदारोळात शिट्टी वाजते. वाद्य नव्हे, खरीखुरी पोलिसांची शिट्टी! नाटकाच्या शेवटी वऱ्हाड पहारेकऱ्यांच्या तावडीत सापडून चौकीत जातं, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना शिट्टीचा अर्थ कळतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांनाही कळतो, कारण गोंगाट हाताबाहेर गेला की शिट्टी वाजते हे जगात सगळीकडे सारखंच. इतका वेळ जे चाललं होतं त्याला ‘गोंगाट’ ठरवण्याचं काम खुद्द संगीतकारच करतो.

हे सगळं लिहिणारा माणूस कोण होता? इबेरचा जन्म 1890 चा, पॅरिसचा. तरुणपणी तो चरितार्थासाठी मूकपटांच्या थिएटरात पियानो वाजवायचा. पडद्यावर पाठलाग सुरू झाला की बोटांनी पळायचं, चुंबन आलं की वितळायचं, पोलीस आला की थबकायचं. ‘दिव्हेर्तिसमाँ’मधली ती क्षणात पलटी मारणारी चाल या तालमीतून आली असावी असं मला वाटतं. लाबिशच्या त्याच नाटकावर रने क्लेअर या फ्रेंच दिग्दर्शकाने नुकताच मूकपटही केला होता, म्हणजे फादिनारची पळापळ त्या काळी पॅरिसच्या डोळ्यांपुढे ताजी होती.

पण त्या चित्रपटगृहाच्या आणि या रचनेच्या मध्ये पहिलं महायुद्ध येतं. इबेरने आघाडीवर जखमींना उचलून नेण्याचं, शुश्रूषेचं काम केलं, नंतर नौदलात अधिकारी म्हणून राहिला. युद्ध संपल्यावर 1919 मध्ये त्याने फ्रेंच संगीतातला सर्वांत मानाचा ‘प्री द रोम’ पुरस्कार पहिल्याच प्रयत्नात मिळवला. स्ट्रेचरवर माणसं वाहिलेला संगीतकार पुढे टोपी खाणाऱ्या घोड्यावर लिहितो, याचं काही जणांना आश्चर्य वाटतं. मला नाही वाटत. त्या पिढीने भव्यतेची भाषणं, कर्णे आणि पताका पुरेशा पाहिल्या होत्या. प्रचंड ऑर्केस्ट्रा, तासतासभर चालणारी महागंभीर संगीतनाट्यं यांचा त्यांना वीट आला होता. लहान वाद्यमेळ, छोटी लांबी, स्वच्छ रेषा ही त्यांनी डोळसपणे केलेली निवड होती. ‘हलकंफुलकं’ हा शिक्का मारून इबेरला मागच्या बाकावर बसवणाऱ्या समीक्षकांशी माझं भांडण आहे ते याचसाठी. ‘दिव्हेर्तिसमाँ’मध्ये एक स्वर इकडचा तिकडे केला तर विनोद कोसळतो. इतकी घट्ट वीण कित्येक गंभीर सिंफनींमध्येही सापडत नाही.

1937 पासून इबेर रोममधल्या फ्रेंच अकादमीचा प्रमुख होता. 1940 मध्ये जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारने त्याच्या संगीतावर बंदी घातली. दुसऱ्या महायुद्धानंतर तो पुन्हा रोमला गेला आणि 1960 पर्यंत ते पद सांभाळलं. 1962 मध्ये तो गेला.

ऐकायला बसताना एक करा. पहिल्यांदा काही न वाचता सलग ऐका. मग नाटकाची गोष्ट डोक्यात ठेवून दुसऱ्यांदा ऐका, आणि ‘कॉर्तेज’मध्ये मेंडेल्सोन नेमका कुठे डोकावतो ते पकडा. शक्य असेल तर प्रत्यक्ष मैफलीचं चित्रण पाहा, कारण शिट्टी वाजते तेव्हा वादकांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

त्यानंतर झाँ फ्राँसे या फ्रेंच संगीतकाराची लहान ऑर्केस्ट्रासाठीची ‘सेरेनेड’ लावा. 1934 ची, चार भागांची, इबेरच्या रचनेहूनही आटोपशीर. फ्राँसे 1912 मध्ये ल मान्स गावी जन्मला. आईवडील दोघं संगीतातले. पोराची झेप पाहून नामवंत संगीतकार राव्हेलने स्वतः त्यांना लिहिलं होतं की या मुलाकडे कलावंताला सर्वांत उपयोगी पडणारी देणगी आहे, कुतूहलाची, ती मरू देऊ नका. त्यांनी ती मरू दिली नाही. सेरेनेड लिहिली तेव्हा फ्राँसे बावीस वर्षांचा होता. इबेर मोठ्याने हसवतो, फ्राँसे ओठांच्या कोपऱ्यातून. त्याला उसन्या धुना लागत नाहीत, शिट्टीही लागत नाही. हायडनसारखा तो वळणावर वाट बदलतो, एवढंच. संथ भागात बसूनचा स्वर येईल तिथे कान द्या. हे वाद्य एरवी ऑर्केस्ट्रातलं विदूषक म्हणून वापरलं जातं, पण फ्राँसे त्याला मनातलं बोलू देतो. पुढे 1951 मध्ये न्यू यॉर्कमध्ये नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बालँशिनने याच सेरेनेडवर एक छोटा विनोदी बॅले बसवला. तो मिळाला तर तोही पाहा.